ज्याचा त्याचा खिळा

मुलाखतीला जाताना मी इंग्रजीत उत्तरं पाठ करून गेले होते. लातूरच्या ट्यूशनच्या भागात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. समोर बसलेल्या माणसानं माझा बायोडेटा घेतला, न वाचताच टेबलावर पालथा ठेवला आणि विचारलं,

"तुमच्या घरी चष्मा कोण लावतं?"

मी गोंधळले. "बाबा."

"झोपताना काढून कुठं ठेवत्यात?"

"फ्रिजवर."

"फ्रिजच्या आत न्हाई?"

"नाही."

"का बरं?"

मला वाटलं, यात काहीतरी खोच असणार. "आत कशाला ठेवतील? चष्मा बाबांचा आहे."

"अन् फ्रिज बिघडला, दुकानदार दुरुस्तीला उचलून घेऊन गेला, तर?"

"चष्मा घरीच राहील."

"बाबा गावाला गेले तर?"

"चष्मा सोबत नेतील. फ्रिज नाही नेणार."

ते हसले नाहीत. बायोडेटा सरळ करून मला परत दिला. "सोमवारपासून या. एवढं लई शिकलेल्या लोकांना बी कळत न्हाई."

हे बालाजीसर. पाठ केलेली एकही ओळ न बोलता मी जिना उतरले, आणि त्या प्रश्नाचा माझ्या कामाशी काय संबंध, हे कळायला मला पाच महिने लागले.

आमची कंपनी क्लासवाल्यांना सराव परीक्षेचा प्रोग्राम विकायची. मुलांनी लॅबमध्ये बसायचं, प्रश्न सोडवायचे, वेळ संपली की उत्तरं शिक्षकाच्या मशीनवर जमा व्हायची. इंटरनेटचा भरवसा नव्हता, त्यामुळे सगळं त्या त्या मशीनवरच चालायचं. त्या वर्षांत लातुरात आणि नांदेडात गल्लीगल्लीत क्लास उघडत होते. किनवट, देगलूर, मुरुड, कुठून कुठून मुलं पेटी आणि गादी घेऊन यायची. प्रत्येक क्लासला लॅब हवी होती आणि प्रत्येक लॅब निराळी होती. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, आणि एका संचालकांच्या केबिनमध्ये मॅक, बहुतेक पालकांना दिसावा म्हणून. आमचा प्रोग्राम या तिन्हींवर चालायला हवा होता.

बालाजीसर चाळिशीला टेकलेले होते. बारीक अंग, बाह्या एकदाच दुमडलेला शर्ट, खिशात पेन आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. या चिठ्ठ्या म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे तुकडे. गोल काळे करायच्या त्या उत्तरपत्रिका आमच्याकडे पोत्यानं पडलेल्या असत. मागची बाजू कोरी असलेला कागद टाकून देणं त्यांना जमायचंच नाही.

त्या चिठ्ठ्यांनी मला वाचवलं. मी नांदेडची, पण लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठीत बोलायला गेले की शब्द अडायचा, आणि इंग्रजीत बोलले की समोरच्याला वाटायचं, ही भाव खाते. म्हणून मी गप्प राहायचे. पहिल्या आठवड्यातच सरांनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "बोलायचं नसलं तर लिहा. मला वाचता येतंय." तेव्हापासून मी लिहायचे आणि ते त्याच चिठ्ठीच्या कडेला उत्तर लिहून परत ठेवायचे. आमची खुर्चीला खुर्ची लागून होती, तरीही. मीटिंगमध्ये मला कुणी काही विचारलं तर ते म्हणायचे, "यांनी लिहून दिलंय, मी वाचतो." मला त्यांनी कधीही "बोला की" म्हटलं नाही. तसं म्हणणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली आहेत.

ऑफिसमध्ये त्यांची स्वतःची एकही वस्तू नव्हती. टेबल मोकळं, ड्रॉवर मोकळा. तो ड्रॉवर त्यांनी मला देऊन टाकला. त्यांचं सगळं एका खाकी पिशवीत असायचं आणि ती पिशवी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची. बसायचे तेही दाराजवळच, पंख्याचा वारा पोचत नाही अशा जागी. आमचा इर्शादभाई लॅबा फिरून प्रोग्राम बसवून द्यायचा. तो देगलूरचा, मराठी, दखनी आणि थोडी तेलुगू एका वाक्यात बोलणारा. तो एकदा म्हणाला, "सर, तुम्ही इथं नोकरीला आलात का पळून जायला?"

"दोन्हीची तयारी असावी, इर्शादभाई," सर म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे वळले.

सर भूकंपातल्या गावचे आहेत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर ते काही बोलत नसत आणि कुणी विचारतही नसे. लातुरात अशी माणसं बरीच आहेत.

दुसऱ्याच्या जागी गेल्यावर ते आधी नुसते उभे राहायचे. एकदा आम्ही एका संचालकांच्या बंगल्यावर गेलो होतो. दारात चपला दिसेनात. सर पायरीवर थांबले ते थांबलेच. इर्शादभाई कुजबुजला, "चला की सर, ऊन लागून राहिलं." इतक्यात आतून घरातल्या बाई सँडल घालूनच बाहेर आल्या. मग सर चपलांसकट आत गेले. नवीन मशीनसमोर बसतानाही असंच. माउसला हात लावायच्या आधी विचारायचे, "जागा कुणाची?"

दुसरा त्यांचा प्रश्न होता, "सोय कुणाची?" कुणी म्हटलं की असं केलं तर सोयीचं पडेल, की हा प्रश्न यायचाच. पहिल्यांदा मी तो नीट ऐकला तो प्रोग्रामच्या सेटिंग्जचं ठरत होतं तेव्हा.

अक्षरं किती मोठी, रंग कोणता, प्रश्न मराठीत की इंग्रजीत, कोपऱ्यातलं घड्याळ दिसावं की नको, हे प्रत्येक मूल आपापल्या सवयीनं लावतं. ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, नाही तर रोज नव्यानं लावावं लागेल. प्रश्न एवढाच, की कुठे? आमचे मालक अभयसर यांच्या मते यात प्रश्नच नव्हता.

"प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवा," ते म्हणाले. "फोल्डर उचललं, दुसऱ्या मशीनवर टाकलं, विषय संपला."

"सोय कुणाची?"

"इर्शादची. त्याला सतरा लॅब फिरायच्या असतात."

"माझं नाव खामखा कशाला?" इर्शादभाई दारातून म्हणाला. "मला कुठं बी चालतं. चहा मिळाला पाहिजे."

"मालक, हाच इर्शादभाई नवीन प्रोग्राम टाकताना जुनं फोल्डर पुसणार," सर म्हणाले. "त्याच्यासंगं पोरांचं लावलेलं सगळं जाणार. शिवाय शहाणा लॅबवाला प्रोग्रामच्या फोल्डरात कुणाला लिहू देत न्हाई, अन् देऊ बी नये. चष्मा फ्रिजच्या आत ठेवला तर फ्रिजासंगं जाईल का न्हाई?"

अभयसरांना फ्रिजचं काही कळलं नाही. मला त्या क्षणी कळलं. पाच महिन्यांनी माझी मुलाखत संपली.

मी उत्साहानं एक चिठ्ठी लिहिली. मशीनवर प्रत्येक वापरणाऱ्याचं स्वतःचं घर असतं, होम फोल्डर. तिथे आपल्या कंपनीच्या नावाचं एक फोल्डर करू. तिन्ही प्रकारच्या मशीनवर एकाच जागी, एकाच नावानं. कन्सिस्टंट दिसेल. शेवटच्या शब्दाखाली मी रेघसुद्धा ओढली होती.

चिठ्ठी परत आली. रेघेखाली लिहिलं होतं, "दिसेल कुणाला? आपल्याला." आणि मागच्या बाजूला: "तीन घरांत आपण पाहुणे. विंडोजवाले असल्या वस्तू ॲप डेटात ठेवतात. लिनक्सवाले कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात. मॅकवाले लायब्ररीत. घरातला माणूस जिथं शोधेल तिथं ठेवा. तुमच्या सवयीच्या जागी नको."

मग दोन दिवस त्यांनी माझ्याकडून एक विचित्र काम करून घेतलं. प्रोग्राममधली प्रत्येक सेटिंग मी एकेका चिठ्ठीवर लिहायची. त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्याची तीन झाकणं टेबलावर मांडली. पहिल्यात माणसासंगं जाणारं. दुसऱ्यात मशिनीसंगं राहणारं. तिसऱ्यात सांडलं तरी चालणारं. अक्षरांचा आकार पहिल्यात, प्रिंटरचं नाव दुसऱ्यात, शेवटी उघडलेल्या प्रश्नपत्रिकेची आठवण तिसऱ्यात. सगळ्या चिठ्ठ्या लागल्या, एक राहिली: आवाज किती मोठा. कान माणसाचे, पण हेडफोन मशीनचा. ती चिठ्ठी सर घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जिना चढता चढताच म्हणाले, "मशिनीचा. एका लॅबचे हेडफोन फाटलेले असत्यात, दुसऱ्या लॅबचे कान फाडत्यात." आणि चिठ्ठी दुसऱ्या झाकणात टाकली.

असं सगळं ठरलं. प्रोग्राम सतरा लॅबमध्ये गेला. सर त्या दिवशी पेढे घेऊन आले, तेही स्वतःहून, आणि पेढ्याचा रिकामा पुडा उलगडून त्याची मागची बाजू कोरी आहे का ते पाहिलं.

दीड महिन्यानं इर्शादभाई नांदेडहून परत आला आणि हेल्मेट काढता काढता म्हणाला, "सर, तिथं एक पोरगी हाय, किनवटकडची. रोज लॅबच्या सरांना सांगते, माझी अक्षरं कुणीतरी बारीक करतं. ते सर वैतागून गेलेत."

"होऊच शकत न्हाई," सर म्हणाले. "ज्याचं त्याच्या घरात लिहिलेलं हाय."

"मी ऐकलं ते सांगून राहिलो."

सरांनी पडदा बंद केला. मग उठून खिळ्यावरची पिशवी घेतली. "चला. तुम्ही बी चला," ते मला म्हणाले. "पोरगी माझ्याशी बोलायची न्हाई."

मुलीचं नाव सुनंदा. तिला फार कमी दिसायचं. काळ्या पडद्यावर पिवळी, मोठी अक्षरं असली तरच वाचता यायचं. ती क्लासच्या मोफत तुकडीच्या निवडीत होती. शिकवणी, होस्टेल, जेवण, सगळं क्लासकडून, पण जागा चाळीसच. सराव परीक्षांची माळ चालू होती, सहा झाल्या होत्या, सातवी आणि शेवटची येत्या रविवारी. सगळ्यांची बेरीज करून चाळीस नावं लागणार होती. नाव लागलं तर वर्षभर राहायचं, नाही तर गादी गुंडाळून किनवटची गाडी पकडायची.

सर लॅबच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी सुनंदाशेजारी बसले. दोघीही न बोलणाऱ्या. बऱ्याच वेळानं तीच बोलली.

"मॅडम, घड्याळ आधी सुरू होतं. मला सेटिंगचं बटण दिसेपर्यंतच चार मिनिटं जातात. मग मोठं करते, पिवळं करते, मग पेपर. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"लॅबच्या सरांना सांगितलंस?"

"ते म्हणतात, लवकर येऊन एकच मशीन धर. मी चौदा नंबर धरते. चहा पण पीत नाही. पण सकाळच्या बॅचचा मुलगा बारीक करून जातो." मग घाईनं म्हणाली, "त्याची चूक नाही. माझी अक्षरं त्याला येतात ना, एवढाली, पिवळी. पोरं त्याला हसतात. म्हणतात, आजोबा झालास काय."

बोलता बोलता ती मशीनवर बसली होती. सुरुवातीच्या पडद्यावर वापरणाऱ्याचं एकच नाव होतं: क्लास. मी शेजारचं मशीन पाहिलं. क्लास. त्याच्या पलीकडे क्लास. साठ मशीन, दिवसाला तीन बॅचा, आणि सगळी मुलं त्या एकाच नावानं आत शिरत होती.

मी चिठ्ठीवर लिहिलं, "सगळ्यांचं लॉगिन एकच आहे," आणि मागच्या बाकावर नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, दोनदा घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यांना आधीच दिसलं होतं.

"एवढ्या पोरांचे पासवर्ड मी सांभाळू का शिकवू?" लॅबचे सर आपणहून म्हणाले, जणू कुणी त्यांना दोष दिला होता.

"तुमचं बरोबर हाय," बालाजीसर म्हणाले. "पासवर्ड नकोतच."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, शेंगावाला चढला आणि उतरला, आणि सर बाहेर बघतच बोलायला लागले.

"भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राह्यलो. मी नववीत होतो. एका शेडात तीन घरं. जे काय वाचलं होतं ते सगळ्यांचं एका पेटीत. शेजारच्या काकांच्या गोळ्या, माझा कंपास, आईचे कागद, सगळं एकात. हात घातला की दुसऱ्याचं हातात यायचं. रोज भांडण. मग आईनं कुठून तरी एक लाकडी पट्टी आणली अन् तिच्यावर खिळे ठोकले. पंधरा माणसं, पंधरा खिळे. ज्याचा त्याचा खिळा. शेड एकच, पण माझी पिशवी माझ्या खिळ्याला."

गाडी सुरू झाली.

"हे मला माहीत होतं हो," ते म्हणाले. "तरी मी प्रत्येकाला सवतं घर धरून बसलो. पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून."

ऑफिसच्या दाराजवळचा खिळा मला आठवला.

दुसऱ्या दिवशी अभयसरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "चार दिवसांवर परीक्षा, आणि तुम्ही आता जागा बदलणार? एका मुलीसाठी? तिच्या चौदा नंबरवर अक्षरं मोठी करा आणि कुलूप लावून टाका."

"अन् तिला चौदा नंबर न्हाई मिळाला तर? शिवाय सांगणारी एक हाय. न सांगणारे किती हायत, ते आपल्याला दिसत न्हाई."

"रविवारी काही फसलं तर मी त्या संचालकांना काय सांगू?"

"सांगा, आधीची जागा बालाजीनं ठरवली होती, ती चुकली. ही बी बालाजीनंच ठरवलीय. न्हाई तर फोन लावून द्या, मीच सांगतो."

आणि खरंच त्यांनी फोन लावायला लावला. आम्हा तिघांसमोर, खुर्चीतून उठून उभे राहून ते म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. तुमच्या लॅबची न्हाई, पोरांची न्हाई." मी तोवर अनेक हुशार माणसांना चुका दुरुस्त करताना पाहिलं होतं. चूक आपली म्हणून सांगताना पहिल्यांदा पाहत होते. संचालक काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. सरांनी फोन ठेवला आणि अभयसरांना म्हणाले, "शुक्रवारपर्यंत द्या म्हणत्यात."

तीन दिवस आम्ही तेच केलं. सगळ्या मुलांचं घर एकच, पण त्यात प्रत्येक हजेरी क्रमांकाचा वेगळा कप्पा. परीक्षा संपली की उत्तरांबरोबर तो कप्पाही शिक्षकाच्या मशीनवर जाणार, आणि पुढच्या वेळी प्रश्नपत्रिकेबरोबर परत येणार. मूल कुठल्याही मशीनवर बसो, क्रमांक टाकला की त्याचं त्याला मिळणार.

एका ठिकाणी सरांनी मला थांबवलं. मी प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: नवी जागा बघा, तिथे काही नसेल तर जुन्या जागेतून आणा, आणि मग जुनी फाइल पुसा.

"पुसू नका," ते म्हणाले.

मी चिठ्ठीवर लिहिलं, "उगाच कचरा राहील."

"आमचं गाव उठून तीन किलोमीटरवर बसलं," ते म्हणाले. "नवीन घरं, नवीन नंबर. तरी पत्रं जुन्याच पत्त्यावर यायची. आमचा पोस्टमन दोन्हीकडची माणसं ओळखायचा म्हणून ती पोचली. पहिल्याच दिवशी कुणी जुना पत्ता खोडला असता तर माझं आयटीआयचं पत्र मला कधीच मिळालं नसतं. राहू द्या काही दिवस. खातं काय ते?"

मी ती ओळ काढून टाकली.

शनिवारी इर्शादभाई नांदेडला गेला. चोपन्न मशीन झाली आणि उरलेल्या सहांवर नवा प्रोग्राम अर्धवट बसलेला असतानाच लाइट गेली. ती परत आली तेव्हा लॅबला कुलूप लागलं होतं. त्या सहांनी जुन्या जागेतलं नव्या जागी नेलं होतं, पण चालत होती जुन्याच प्रोग्रामवर. जुनी फाइल जागेवर होती म्हणून ती सहा निमूट चालत राहिली. पुसली असती तर रविवारी सकाळी सहा मुलं रिकाम्या पडद्यासमोर बसली असती. लाइट जायच्या आधी इर्शादभाईनं एक काम मात्र केलं होतं. सुनंदाला बोलावून एकदाच तिची अक्षरं लावून घेतली होती आणि तिचा कप्पा शिक्षकाच्या मशीनवर पोचवला होता. कुठल्या मशीनवर, ते त्यानं मुद्दाम लक्षात ठेवलं नाही.

रविवारी मी नांदेडात घरीच होते, म्हणून लॅबच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी होस्टेलच्या मेसमध्ये उशीर झाला आणि सुनंदा सगळ्यांत शेवटी आली. चौदा नंबरवर कुणीतरी बसलं होतं. ती दारातच थबकली. मग चाचपडत पहिल्या रिकाम्या खुर्चीकडे निघाली. ते मशीन राहून गेलेल्या सहांपैकी होतं; त्यांचे नंबर इर्शादभाईनं मला फोनवर सांगितले होते.

"सुनंदा," मी म्हणाले. सगळ्या मुलांनी वळून पाहिलं. इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले असेन असं मला वाटत नाही. "एकतीसवर बस."

तिनं एकतीस नंबरवर बसून, नाक पडद्याला टेकवून आपला क्रमांक टाकला. पडदा काळा झाला आणि पिवळी अक्षरं आली. एवढाली. ती हसली नाही, मागे वळून पाहिलं नाही. तिनं फक्त दोन्ही हातांनी खुर्ची मागे ओढली.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"सर, तिनं खुर्ची मागे घेतली."

"किती?"

"हातभर."

"बास," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी यादी लागणार होती. मधल्या गुरुवारी मी त्यांना एक चिठ्ठी दिली: मला पुण्याला नोकरी मिळाली आहे. ती कडेला "कधी?" एवढंच लिहून परत आली. मी "एक तारखेला" लिहिलं. त्यानंतर दिवसभर आमच्यात चिठ्ठी झाली नाही.

रविवारी ते आपणहून नांदेडला आले. यादी क्लासच्या बाहेरच्या भिंतीवर चिकटवली होती. आम्ही रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या सावलीत उभे होतो. सुनंदा गर्दी ओसरेपर्यंत थांबली, मग भिंतीशी गेली आणि कागदाला गाल लावल्यासारखी एकेक ओळ खाली सरकत वाचू लागली. बोट वरून खाली येत होतं. पंधरा, वीस, तीस. सरांनी हातातला रसाचा ग्लास प्यायलाच नाही. सदतिसाव्या ओळीवर बोट थांबलं. तिनं ती ओळ परत वाचली. मग वळून जवळजवळ पळतच होस्टेलकडे गेली.

"भेटा ना तिला," मी म्हणाले.

"भेटून काय सांगू? आधीच्या सहा परीक्षा, दर वेळी चार मिनिटं. ती मी घेतलेली हायत तिची." त्यांनी ग्लास गाड्यावर ठेवला. "नाव लागलं म्हणून आज झोप येईल. न लागतं तर?"

मी त्यांना घरी घेऊन आले. दारात ते नेहमीसारखे थांबले, आमच्या चपला कुठे आहेत ते पाहिलं आणि त्यांच्या रांगेत आपल्या ठेवल्या. बाबांनी "या या" म्हणत त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत, स्वयंपाकघराच्या दाराशी छत्री टांगायचा खिळा आहे, त्याला अडकवली. सरांचा हात पिशवीमागे अर्ध्यापर्यंत गेला आणि परत आला. ते बसले, पण थोडा वेळ त्यांची नजर तिकडेच होती.

चहा झाला. त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढून मला दिली. पाठकोऱ्या उत्तरपत्रिकेची. आत पेन ड्राइव्ह होता.

"तुमच्या मशिनीवरच्या तुमच्या सेटिंगा," ते म्हणाले. "अक्षरं, रंग, तुम्ही डाव्या हाताला लावून घेतलेला माउस, सगळं. पुण्याला नवीन मशीन देतील, त्याच्यावर आधी हे लावा. त्यांना विचारून."

बाबांना पुडीवर लिहिलेलं माझं नाव वाचायचं होतं. ते खिसे चाचपत उठले. "माझा चष्मा कुठे गेला?"

"फ्रिजवर आसंल," सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

बाबांनी फ्रिजवर हात फिरवला. चष्मा तिथेच होता. पहिल्यांदाच घरी आलेल्या माणसाकडे ते बघतच राहिले. मला हसू आवरेना, आणि मग सरही हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं. बाबांनी मग त्यांना शेतीचं विचारलं, त्यांच्या नव्या गावच्या पाण्याचं विचारलं, आणि त्यांनीही सगळं सांगितलं, नव्या घरात आईनं पुन्हा ठोकून घेतलेल्या खिळ्यांच्या पट्टीपर्यंत. तास कसा गेला कळलं नाही.

ते निघाले. मी कप विसळले, वळले, आणि खिळ्यावर छत्रीशेजारी खाकी पिशवी दिसली.

मी तशीच अनवाणी जिना उतरले. कोपऱ्यावर ते रिक्षात बसत होते.

"सर, पिशवी!"

त्यांनी आधी आपल्या खांद्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. "राहिली की," ते म्हणाले, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

त्यांनी पिशवी घेतली. रिक्षा वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. मागच्या काचेतून दिसत होतं, ती त्यांनी खांद्याला अडकवली नव्हती. शेजारच्या माणसाला जागा करून देताना सीटवर मधे ठेवली होती, आणि तोंड त्याच्याकडे करून ते काहीतरी सांगत होते.